व्यायाम आणि आहाराची गाठ स्नायूंत पडते : ठाणे-नवी मुंबईच्या नोकरदारांसाठी

ठाणे स्थानकाच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून सकाळी वाशी-पनवेलच्या गाड्या पकडणारे, ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरून दिवसभर संगणकासमोर बसणारे आणि रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून घरी पोहोचणारे हजारो लोक आरोग्याच्या बाबतीत एकाच तऱ्हेने विचार करतात. त्यांच्या लेखी व्यायाम हे एक काम असते आणि आहार हे दुसरे; दोन्हींसाठी वेगळा वेळ काढावा लागतो आणि तो वेळ नसल्यामुळे दोन्ही राहून जातात. जानेवारीत जिमचे वर्षभराचे पैसे भरले जातात, एखाद्या सोमवारी भात बंद होतो, आणि महिना-दीड महिन्यात सर्व पूर्ववत होते. याला मनोबलाचा अभाव म्हणण्याची पद्धत आहे, पण माझ्या मते दोष आखणीचा आहे. व्यायाम आणि आहार ही शरीराच्या दृष्टीने एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. तो व्यवहार स्नायूंमध्ये होतो आणि त्याचा हिशेब दिवसाचा न ठेवता आठवड्याचा ठेवणे अधिक योग्य ठरते.

आधी स्नायूंचे काम समजून घेऊ. आपण पोळी-भात खाल्ला की त्यातील कर्बोदकांची साखर, म्हणजे ग्लुकोज, रक्तात उतरते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. इन्सुलिनच्या सांगण्यावरून ही साखर रक्तातून उचलणाऱ्या अवयवांत सांगाड्याच्या स्नायूंचा वाटा फार मोठा असतो. ते ती वापरतात किंवा ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते, तर प्रौढ माणसाच्या सर्व स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम. म्हणजे स्नायू हे आपल्या शरीरातील साखरेचे सर्वांत मोठे गोदाम आहे. गोदाम आधीच भरलेले असेल आणि त्यातून माल उचललाच जात नसेल, तर नवा माल बाहेरच पडून राहणार. बैठ्या माणसाच्या रक्तात जेवणानंतर साखर रेंगाळते, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे. उलट स्नायू आकुंचन पावू लागले की ते इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातील साखर आत ओढतात, आणि व्यायाम संपल्यानंतरही साधारण २४ ते ४८ तास ते इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात. म्हणूनच मधुमेह असलेल्यांना व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असा सल्ला दिला जातो. मधुमेह नसलेल्यांनीही तो पाळण्यासारखा आहे.

हा विषय आपल्याकडे विशेष महत्त्वाचा का आहे, याचे उत्तर पुण्यातच मिळते. तेथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांबद्दल एकच गोष्ट सांगत होता आणि शरीरे मात्र वेगळी होती. भारतीयांमध्ये त्याच वजनाला चरबी अधिक, विशेषतः पोटाभोवती अधिक, आणि स्नायू कमी असण्याकडे कल दिसतो. त्यामुळेच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असे कडक निकष लावतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि आणखी १५.३ टक्के लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचे सांगतात. ‘मी तर बारीकच आहे, मला व्यायामाची काय गरज’ हे वाक्य म्हणूनच आपल्या समाजात फारसे सुरक्षित नाही.

आता व्यायामातील वैविध्याकडे वळू, कारण ‘वैविध्य’ म्हटले की कंटाळा येऊ नये म्हणून केलेला बदल, एवढाच अर्थ अनेकदा घेतला जातो. प्रत्यक्षात व्यायामाचे प्रकार शरीरातील वेगवेगळी कामे करतात आणि एकाचे काम दुसऱ्याने पुरते होत नाही. भरभर चालणे, सायकल, पोहणे, धावणे हे दमसासाचे व्यायाम हृदय, फुप्फुसे आणि रक्तवाहिन्यांची क्षमता वाढवतात. वजन उचलणे, जोर-बैठका, रबरी पट्ट्यांचे व्यायाम हे ताकदीचे प्रकार स्नायू आणि हाडे टिकवतात. ताण देण्याचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम सांध्यांची हालचाल मोकळी ठेवतात. तरुणांना त्यांचे महत्त्व पटत नाही आणि साठीनंतर ते आपोआप पटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी आणि त्याखेरीज किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचे व्यायाम करावेत. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतपत धाप. जोरकस म्हणजे दोन-चार शब्दांपलीकडे बोलताच येऊ नये. तळावपाळीला गप्पा मारत, मधेच उभे राहून, भेळ खात मारलेल्या फेऱ्या मनाला कितीही बऱ्या वाटल्या तरी त्या यात मोजता येत नाहीत.

याच सूचनांमध्ये एक बदल असा झाला की जो नोकरदारांच्या फारसा कानावर आलेला दिसत नाही. २०१० च्या सूचनांत किमान दहा मिनिटे सलग केलेलीच हालचाल मोजावी, अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. तीन मिनिटांचे जिने, सात मिनिटांचे भरभर चालणे, असे तुकडेही आता हिशेबात धरले जातात. दुसरीकडे, २०२३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ब्रिटनमधील सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावरील हालचाल-मापकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याची हालचाल प्रामुख्याने एक-दोन दिवसांत उरकणारे आणि ती सर्व दिवसांत विभागणारे, या दोन्ही गटांत हृदयविकाराचा धोका निष्क्रिय लोकांपेक्षा जवळपास सारख्याच प्रमाणात कमी आढळला. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की निघणारा अर्थ दिलासा देणारा आहे: मंगळवार-बुधवार कामाच्या धबडग्यात वाया गेले म्हणून आठवडा बुडाला असे मानण्याचे कारण नाही. साखरेच्या दृष्टीने मात्र दोन दिवसांपेक्षा मोठा खंड टाळावा आणि हा खंड जिन्यांसारख्या छोट्या तुकड्यांनी भरून काढता येतो.

जिन्यांबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण ठाणे-नवी मुंबईत त्यांची वाण नाही. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या तुलनेत सतत वर-खाली करणाऱ्या वाहकांना हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. व्यायामशास्त्राच्या आधुनिक संशोधनाची सुरुवात ज्या अभ्यासांपासून मानली जाते त्यांत याचे स्थान वरचे आहे. २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मधील एका अभ्यासात, व्यायाम मुळीच न करणाऱ्या सुमारे २५ हजार लोकांपैकी जे दिवसातून तीनदा एक-दोन मिनिटे तरी धाप लागेल अशी हालचाल सहज करत होते, त्यांचा मृत्यूचा धोका ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे कारण-परिणाम यातून सिद्ध होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. स्थानकाचा पूल सरकत्या जिन्याऐवजी पायऱ्यांनी चढणे, बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याने आठव्या मजल्याला लिफ्ट सोडून उरलेले चार मजले भरभर चढणे, हे दिवसातून तीनदा सहज जमते.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ‘दिवसभर एवढी दगदग होते, तोच व्यायाम’ असे गाडीत लोंबकळत प्रवास करणारे म्हणतात आणि त्यांचा थकवा खरा असतोच. परंतु गर्दीत तास-दीड तास आखडून उभे राहण्याने नाडी धाप लागण्याइतकी वाढत नाही आणि स्नायूंवर वाढता भारही पडत नाही. थकवा येणे आणि शरीर सक्षम होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. घरकामाचेही काहीसे असेच आहे. केर-लादी, बाजाराच्या पिशव्या यांची गणना हालचालीत जरूर होते, पण रोजच्या सवयीच्या कामाने ताकद वाढत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीत भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांची हालचाल अपुरी आढळली, पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होते. बाईने आधी स्वयंपाक, मग नोकरी, मग पुन्हा स्वयंपाक आणि त्यातून वेळ काढून व्यायाम करावा, असे सांगण्यापेक्षा त्या घरातील दुसऱ्या माणसाने आठवड्यातून तीनदा तरी कणीक मळून भाजी चिरावी, हा अधिक उपयोगी वैद्यकीय सल्ला ठरेल.

ताकदीच्या व्यायामाला आपल्याकडे ‘जिमला जाणाऱ्या पोरांचे काम’ समजतात, आणि नेमका तोच चाळिशीच्या माणसाला सर्वांत आवश्यक असतो. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते, असे मानले जाते. साखरेचे गोदामच लहान होत गेले तर ताटातील भात तेवढाच राहूनही तो जड पडू लागणार, हे वेगळे सांगायला नको. उपाय म्हणून जिम हवीच असे नाही. बैठका मांड्या-नितंबांसाठी आणि जोर छाती-खांद्यांसाठी आजही उत्तम आहेत. ज्यांना जमिनीवर जोर जमत नाहीत त्यांनी भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून सुरुवात करावी. सूर्यनमस्कारांबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांत पुढे-मागे वाकणे आहे, हातांवर भार घेणे आहे, वेगाने घातले तर दमसासही आहे. पण स्वतःकडे काही ओढण्याची क्रिया त्यांत नाही. संगणकापुढे खांदे पुढे झुकवून बसणाऱ्यांना तर पाठीच्या वरच्या भागासाठी तीच सर्वाधिक लागते. त्यासाठी रबरी पट्टी खिडकीच्या मजबूत गजाला अडकवून ओढावी किंवा पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली पिशवी किंचित वाकून कमरेकडे उचलावी. याशिवाय जड वस्तू पाठ सरळ ठेवून जमिनीवरून उचलण्याचा सराव आणि पोटाच्या स्नायूंसाठी प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ ताठ धरून ठेवणे), एवढे पुरे आहे. प्रत्येकी आठ ते बारा आवर्तनांचे दोन-तीन फेरे घातले तर पंचवीस-तीस मिनिटे लागतात. शेवटची दोन आवर्तने कष्टाची वाटली पाहिजेत, आणि ती सोपी झाली की भार किंवा संख्या वाढवली पाहिजे. दहा वर्षे तेच बारा नमस्कार घालणाऱ्याचे शरीर त्या बारांना केव्हाच सरावलेले असते. नव्याने सुरुवात केल्यावर एक-दोन दिवसांनी अंग दुखते, ते तीन दिवसांत ओसरते. सांध्यात टोचणारे किंवा वाढत जाणारे दुखणे मात्र वेगळे असते, त्याकडे दुर्लक्ष करू नये.

स्नायूंना भार दिल्यावर त्यांची दुरुस्ती प्रथिनांनी होते, आणि येथे आपला डबा कमी पडतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.२ ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक, म्हणजे ७० ग्रॅमच्या पुढे उपयोगी पडतात. आता नेहमीचा शाकाहारी दिवस मोजून पाहा. सकाळचे पोहे ४ ग्रॅम, डब्यातील तीन पोळ्या ९, बटाट्याची किंवा दुधीची भाजी ३, संध्याकाळचा वडापाव ६, रात्रीच्या दोन पोळ्या ६, भात ४, पातळ वरण ४ आणि दिवसभराच्या चहातील दूध ५. बेरीज चाळीसच्या आसपास थांबते, आणि त्यातील बराच भाग धान्यांतून येतो, ज्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असते. डाळी आणि कडधान्यांत ते भरपूर असते. वरण-भात, खिचडी, थालीपीठ या जोड्या त्यामुळे पोषणशास्त्राच्या कसोटीवरही उतरतात, फक्त त्यांतील वरणाचे प्रमाण आपण वर्षानुवर्षे पाण्याने वाढवत आलो आहोत.

दुरुस्तीसाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. डब्यात भाजीसोबत वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ आली तर ७ ग्रॅम वाढतात. सकाळी दोन अंडी घेतल्यास १२ मिळतात. अंडी न खाणाऱ्यांना पाऊणशे ग्रॅम पनीर तेवढेच देते. संध्याकाळी वडापावच्या जागी पन्नास ग्रॅम फुटाणे-शेंगदाणे घेतले तर सहाच्या ऐवजी अकरा, आणि जेवताना वाटीभर दही घेतले तर आणखी ५. चाळीसचा आकडा एवढ्याने सत्तरच्या जवळ जातो. मासे खाणाऱ्या घरांत बांगडा, मांदेली किंवा बोंबील आठवड्यातून दोन-तीनदा आले तर हिशेब आणखी सोपा होतो. फक्त ते रोज तळलेलेच नसावेत. प्रथिनांच्या पावडरीवर पैसे खर्च करण्याची गरज सामान्य नोकरदाराला नाही; राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही स्नायू वाढवण्यासाठी अशी पूरके टाळण्याचाच सल्ला आहे. त्याच मार्गदर्शिकेतील २,००० कॅलरींच्या आदर्श ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम धान्ये आणि ८५ ग्रॅम डाळी किंवा मांसाहार असे प्रमाण दिले आहे. आपल्या बहुतेक घरांत धान्यांचा आकडा यापेक्षा पुढे आणि भाज्यांचा निम्म्यावर असतो.

भाकरी चांगली की पोळी, या वादात फार शक्ती घालवू नये. ज्वारीत चोथा चांगला असतो, नाचणीत १०० ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि दोन्ही आलटून-पालटून खाव्यात. पण तीन भाकऱ्या आणि चमचाभर भाजी हे जेवण तीन पोळ्या आणि चमचाभर भाजीपेक्षा फारसे वेगळे नाही. फरक पडतो तो प्रमाणाने आणि क्रमाने. आधी कोशिंबीर किंवा भाजी आणि उसळ, मग पोळी-भात, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर कमी वर चढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. डबा खाताना हा क्रम पाळणे सोपे असते, आणि त्यानंतर जागेवर जाऊन बसण्याआधी दहा मिनिटे आवारात चालले की स्नायूही आपला वाटा उचलतात.

नोकरदाराच्या दिवसातील खरी अडचण मात्र दुपारचा एक आणि रात्रीचे साडेनऊ यांच्या मधल्या साडेआठ तासांची आहे. पाच वाजता चहा-बिस्किट, साडेसातला स्थानकाबाहेर वडापाव, आणि घरी पोहोचल्यावर भुकेने वखवखून केलेले भरपेट जेवण, हा क्रम ठाण्यात घरोघरी आहे. अर्धा तास भरभर चालण्याने साधारण १५० कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. व्यायामाने ‘जाळून टाकू’ हे गणित म्हणूनच जमत नाही. साडेपाच-सहाच्या सुमारास कार्यालयातच फुटाणे, उकडलेले अंडे, फळ किंवा ताक घेतले, तर रात्रीचे जेवण आपोआप आटोक्यात येते. चहाच्या प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल तर चार कपांत ३० ग्रॅमच्या पुढे जाते, ती अर्ध्यावर आणणेही तेवढेच उपयोगी.

हे सर्व आठवड्यात कसे बसते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. कासारवडवलीला राहणारी आणि ऐरोलीत काम करणारी व्यक्ती रविवारी सकाळी उपवन तलावाभोवती किंवा उजाडल्यावर येऊरच्या रस्त्याने तासभर भरभर चालते (येऊर राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे अंधारात तेथे जाण्यात शहाणपण नाही). परतताना जांभळी नाक्याच्या बाजारातून आठवड्याची भाजी येते. दोन कडधान्ये रात्री भिजत पडतात, सोमवारी सकाळी फडक्यात बांधली जातात आणि मोड आले की फ्रीजमध्ये जातात. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी घरातच पंचवीस मिनिटे ताकदीचा व्यायाम होतो. मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी स्वतंत्र व्यायाम नसतो. स्थानकाचे जिने, एक थांबा आधी उतरून बारा-पंधरा मिनिटे चालणे आणि रात्री जेवणानंतर सोसायटीत पंधरा मिनिटांची फेरी एवढेच असते. शनिवारी सायकल, बॅडमिंटन किंवा पोहणे, जे आवडेल ते तास-पाऊण तास. बेरीज १५० मिनिटांच्या पुढे जाते आणि कामाच्या दिवसांतून आठवड्याला वेगळा काढलेला वेळ तासाच्या आतच राहतो. वाशीत राहणाऱ्याने उपवनच्या जागी मिनी सीशोर, नेरुळकरांनी ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ आणि खारघरवासीयांनी सेंट्रल पार्क घ्यावे. भर वाहतुकीच्या मुख्य रस्त्याच्या कडेने चालण्यापेक्षा आतले रस्ते आणि तलावांचे काठ केव्हाही बरे.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ही घडी विस्कटते आणि एप्रिल-मे महिन्यांत दमट हवेत घाम सुकत नसल्याने तोच वेग शरीराला अधिक जड जातो. त्या काळात चालण्याच्या जागी इमारतीचे जिने घ्यावेत आणि उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत व्यायाम उरकावा. अगदीच अडचणीच्या महिन्यांत ताकदीचा व्यायाम आठवड्यातून एकदा जरी टिकला तरी मिळवलेले स्नायू बऱ्याच अंशी राहतात. स्नायू कमावण्यापेक्षा टिकवायला बरेच कमी श्रम लागतात. झोप मात्र कापू नये. पाच तास झोपून पहाटे जिम गाठणाऱ्याची भूक दिवसभर वाढलेली राहते आणि दुरुस्तीही अपुरी होते.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी जोरकस व्यायाम आणि प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने अचानक खाली जाऊ शकते, म्हणून औषधाची मात्रा आणि वेळ आधी तपासून घ्यावी. परिश्रम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही जाणवल्यास तेथेच थांबून तपासणी करावी. प्रगती मोजायची तर रोज वजनकाट्यावर उभे राहू नये, कारण चरबी घटून स्नायू वाढत असताना काटा जागचा हलत नाही. महिन्यातून एकदा टेपने कमरेचा घेर मोजावा. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे. ज्यांची साखर काठावर आहे त्यांनी एचबीएवनसी ही चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण ती रक्तातील साखरेची मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते आणि त्याआधी केलेल्या तपासणीत नव्या आठवड्यांचा परिणाम पुरता उमटलेला नसतो.